सीपॅप मशीनची सवय कशी लावायची: आधी नाक, मग मास्क, मग हवा, शेवटी झोप

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. ते संध्याकाळी घरी येतं. आणून देणारा माणूस दहा मिनिटांत बटणं दाखवतो आणि पुढच्या गावाला निघतो. रात्री दहाला पेशंट थेट मास्क बांधून आडवा होतो, साडेअकराला घाबराघुबरा होऊन तो काढतो, दुसऱ्या रात्री तासभर टिकतो, आणि पंधरा दिवसांनी मशीन कपाटावर जातं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत नव्या पेशंटच्या घरी बसून सीपॅप लावून द्यायचं काम मी करतो. कपाटावरून खाली काढलेलं मशीन तपासलं की ते बहुतेक वेळा ठणठणीत निघतं. चुकलेला असतो तो क्रम. आधी नाक, मग मास्क, मग हवा आणि सगळ्यांत शेवटी झोप, असं जायचं असतं. लोक शेवटापासून सुरुवात करतात आणि मग म्हणतात, आपल्याला हे जमणार नाही.

ज्यांची स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, झाली आहे, झोपेत श्वास अडकतो हे ठरलं आहे आणि डॉक्टरांनी सीपॅप लिहून दिलं आहे, त्यांच्यासाठी पुढचे टप्पे आहेत. नुसतं घोरणं आहे म्हणून कुणाच्या सांगण्यावरून मशीन आणलं असेल, तर आधी तपासणी करून या.

## १. आधी कागद वाचा

रिपोर्टवर दोन गोष्टी शोधा. पहिली एएचआय, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा अपुरा पडला. ५ च्या आत असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. दुसरी गोष्ट म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेलं प्रेशर. ते पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. साधी मशीनं ४ ते २० पर्यंत चालतात.

ऑटो मशीन, म्हणजे गरजेप्रमाणे प्रेशर स्वतःच कमी-जास्त करणारं, घेतलं असेल तर इथेच पहिली चूक होते. कारखान्यातून ते ४ ते २० अशा सताड उघड्या सेटिंगवर येतं आणि कोणी ते बदलत नाही. ४ वर भरल्या अंगाच्या माणसाला हवा पुरत नाही. तो सांगतो, ‘मशीन लावलं की जीव गुदमरतो.’ घरच्यांना वाटतं प्रेशर जास्त झालं. प्रत्यक्षात ते कमी असतं! डॉक्टरांना विचारा: ‘कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती ठेवायचं?’ आलेले दोन्ही आकडे मशीनच्या खोक्यावर पेनाने लिहून ठेवा.

दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, हृदय कमजोर असणं, पूर्वी फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असणं, नाक-कान-मेंदूचं नुकतंच झालेलं ऑपरेशन, यातलं काहीही असेल तर मशीन सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. पेसमेकर असेल तर चुंबकाच्या क्लिपचा मास्क घेऊ नका. साध्या क्लिपचे मास्क मिळतात.

सावध: ओळखीतून जुनं मशीन घेताना मॉडेल नंबर पाहा. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतला आवाज दाबणारा फोम झिजत असल्याने आपली बरीच सीपॅप आणि बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळं प्रेशर देणारी) मशीनं परत बोलावली होती. त्यातलं मशीन दुरुस्त न होता हातोहात फिरत असू शकतं. मास्क आणि नळी मात्र जुनी कधीच घेऊ नका.

## २. खोली, वीज आणि पाणी

हे काम मशीन येण्याआधी उरकायचं.

जागा. मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली हवं. हवेला ओल देण्यासाठी मशीनला पाण्याची टाकी असते. मशीन उशाशी फळीवर किंवा खिडकीत ठेवलं तर टाकीतलं पाणी नळीतून नाकात उतरतं. बाजेवर किंवा पलंगावर झोपत असाल तर शेजारी बुटकं स्टूल ठेवा. जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्यांनी मशीन थेट फरशीवर ठेवू नये, तिथली सगळी धूळ ते ओढून घेतं. पाटावर ठेवा आणि गादीची जाडी पाटापेक्षा जास्त असू द्या. नळी साधारण सहा फूट असते, तेव्हा कूस बदलताना ताण येणार नाही एवढंच अंतर राखा.

मच्छर अगरबत्ती, धूप, चूल यांच्यापासून मशीन लांब हवं. ते खोलीतलीच हवा ओढून तुमच्या नाकात भरतं. ऑक्सिजन तयार करत नाही. कॉइल मशीनच्या मागे लावली तर रात्रभर तो धूर तुम्हीच घेणार. मच्छरदाणीला काही हरकत नाही, नळी खालून आत घ्या. कूलरचा झोत मशीनवर येऊ देऊ नका.

वीज. लाईट जाणारच, असं धरून चाला. हवेचा पंप स्वतः फार वीज खात नाही. पाणी तापवणारी टाकी आणि तापणारी नळी खाते. लाईट गेल्यावर या दोन गोष्टी बंद ठेवल्या तर इन्व्हर्टरवर मशीन पुष्कळ जास्त वेळ टिकतं. इन्व्हर्टर घ्यायचाच असेल तर प्युअर साईन वेव्हचा घ्या. तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून बघून घ्या.

तपासा: दिवसा मशीन चालू करा, मास्क हातात धरा आणि मेन स्विच पाडा. इन्व्हर्टरवर जाताना मशीन बंद पडतं का? लाईट परत आल्यावर आपोआप सुरू होतं की बटण दाबावं लागतं? हे रात्री दोनला अंधारात कळण्यापेक्षा दुपारी कळलेलं बरं. हवा थांबली की मास्क काढायचा, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

पाणी. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. आठ दिवसांत टाकीच्या तळाला पांढरा, खरखरीत थर बसतो, नखाने खरवडला तरी निघत नाही. आरओच्या पाण्यातही क्षार थोडे असतातच. चोपडा तालुक्यातल्या एका घरात मला टाकीशेजारी गॅरेजमधून आणलेली बॅटरीच्या पाण्याची बाटली दिसली. ‘डिस्टिल्डच आहे ना?’ असं त्यांनी मला विचारलं, आणि विचार तसा चुकीचा नव्हता. पण ते पाणी श्वासात जाण्यासाठी भरलेलं नसतं, आणि बाटली कशी होती, काय होती, कोणी सांगू शकत नाही. मेडिकलमधून आणा. कधी मिळालंच नाही तर गाळून उकळलेलं, पूर्ण थंड झालेलं पाणी एक-दोन रात्री चालवा. तेही नसेल तर टाकी रिकामी ठेवून ह्युमिडिफायर, म्हणजे हवेला ओल देणारी सोय, बंद करा. एक रात्र कोरड्या हवेत काढता येते.

## ३. नाक मोकळं करा

मशीन नाकातून हवा ढकलणार, आणि नाकच बंद असेल तर ती तोंडातून निसटणार. तरीही या टप्प्याकडे कोणी बघत नाही.

तोंड मिटा. एक नाकपुडी बोटाने दाबून दुसरीतून दहा श्वास घ्या, मग बाजू बदला. एखाद्या बाजूने हवा ओढावी लागत असेल तर आधी तिचा उपाय. कापूस वेचणीच्या दिवसांत, जिनिंगजवळ राहणाऱ्यांना, गहू-हरभऱ्याच्या मळणीच्या वेळी आणि उन्हाळ्यातल्या धुळीत नाक चोंदणं इकडे घरोघर असतं. मिठाच्या पाण्याचा तयार स्प्रे झोपण्याआधी अर्धा तास मारा. ॲलर्जी जुनी असेल तर डॉक्टर स्टेरॉईडचा नाकाचा स्प्रे देतात. त्याला गुण यायला काही दिवस लागतात, म्हणून तो मशीन येण्याच्या आठवडाभर आधी सुरू झालेला बरा. नाकाचं हाड वाकडं आहे असं पूर्वी कोणी सांगितलं असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून मगच मास्क घ्या.

सावध: मेडिकलमधून परस्पर आणलेले, नाक झटकन मोकळं करणारे थेंब तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. त्यानंतर तेच थेंब नाक आणखी चोंदवतात.

## ४. मास्क आडवं पडून निवडा

मास्कचे ढोबळ तीन प्रकार: फक्त नाक झाकणारा, नाकपुड्यांना टेकणाऱ्या छोट्या गाद्यांचा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. दुकानातून सरसकट फुल फेस दिला जातो. माझं मत याच्या उलट आहे: नाक मोकळं असेल तर पहिली पसंती नाकाच्या मास्कला. फुल फेसला कडा जास्त, म्हणून हवा निसटण्याच्या जागा जास्त, आणि अनेकांना त्यात प्रेशरही जास्त लागतं. नाक कायमच बंद असेल किंवा झोपेत तोंड मिटतच नसेल, तर फुल फेस घ्या.

खुर्चीत बसून घट्ट बसलेला मास्क आडवं पडल्यावर सैल होतो, कारण गाल मागे सरकतात. म्हणून माप असं घ्या:

- झोपता त्या कुशीवर, झोपता त्या उशीवर पडा.
- पट्टे सैल ठेवून मास्क लावा, मशीन चालू करा आणि लिहून दिलेल्या प्रेशरपर्यंत जाऊ द्या.
- मास्क चेहऱ्यापासून जरा ओढून उचला आणि सोडा. हवेने गादी फुगून नीट बसते.
- मग वरचे आणि खालचे पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे ओढा.
- दहा मिनिटं तसेच पडून राहा, कूस बदला, हवा डोळ्यांकडे येते का बघा.

पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. गळती थांबत नाही म्हणून लोक पट्टे आवळत जातात. गादी चेपते आणि गळती वाढते. सकाळी नाकाच्या हाडावर लाल वण उठला असेल तर पट्टा जास्त आवळलाय किंवा माप चुकलंय.

भरघोस मिशी असेल तर नाकाच्या मास्कची खालची कड तिच्यावर बसते आणि हवा फरफरते. मिशी काढायला मी कोणाला सांगत नाही. नाकपुड्यांच्या गाद्यांचा मास्क लावून बघा. चमकी किंवा नथ रात्री काढून ठेवा. कवळी असेल तर ज्या अवस्थेत झोपता, म्हणजे कवळीसह किंवा कवळीशिवाय, त्याच अवस्थेत माप द्या. गालांचा आकार बदलतो.

सावध, आणि हे घरातल्या सगळ्यांनी वाचावं: मास्कच्या पुढे बारीक भोकं किंवा जाळी असते. तिथून सतत ‘सूं’ असा आवाज येतो. ती गळती नव्हे. सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो. धुळ्याजवळच्या एका घरात मावशींनी काकांची झोपमोड होऊ नये म्हणून त्या जाळीवर घरच्याच कापसाचा बोळा बसवून वर चिकटपट्टी लावली होती. मायेने केलेलं काम, पण धोक्याचं. भोकं बुजली की सोडलेलीच हवा पुन्हा आत जाते. थंडीत डोक्यावरून गोधडी ओढून झोपायची सवय असेल तर ती मास्कपुरती सोडा, गोधडी हनुवटीपर्यंतच.

## ५. पाच दिवस, दिवसाउजेडी

सगळ्या लेखात हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका हाच टाळला जातो. झोप येत असताना नवीन गोष्टीची भीती दुप्पट वाटते, म्हणून सवय जागेपणी लावायची. एक पायरी वीस-तीस मिनिटं बिनघोर जमली की पुढची.

पहिला दिवस. नळी न जोडता नुसता मास्क लावून बसा. टीव्ही बघा, शेंगा निवडा, हात कामात असू द्या. मास्क पटकन काढायची क्लिप डोळे मिटून पाच वेळा उघडा. एका क्षणात सुटतो हे हातांना कळलं की कोंडल्याची अर्धी भीती जाते.

दुसरा दिवस. मशीन चालू, मास्क हातानेच नाकाला धरा, पट्टे नाहीत. तोंड मिटलेलं. नाकाचा मास्क असताना बोलायला तोंड उघडलं की हवा भसकन तोंडातून बाहेर येते. पहिल्यांदा माणूस दचकतो. मुद्दाम दोनदा तोंड उघडून ते अनुभवून घ्या, म्हणजे रात्री धसका बसणार नाही. श्वास सोडताना अडथळा वाटेल. झगडू नका, मनात चार मोजत सावकाश सोडा. श्वास सोडताना प्रेशर हलकं करण्याची सोय अनेक मशीनमध्ये असते, ती चालू आहे का ते बसवणाऱ्याला विचारा.

तिसरा दिवस. पट्टे बांधून, बसून, अर्धा-पाऊण तास.

चौथा दिवस. पलंगावर आडवं पडून, पण जागं राहून. डोळे मिटा, कुशी बदला, नळी कुठे अडकते ते बघा. नळी डोक्याच्या वरून नेली तर मानेभोवती येत नाही.

पाचवा दिवस. दुपारची डुलकी मशीनवर.

एखाद्या पायरीवर छातीत धडधडलं तर मास्क काढा, पाणी प्या, आणि मागच्या पायरीवर या. सोडून देऊ नका. तब्येत नाजूक असल्याने डॉक्टरांनी ‘आज रात्रीपासूनच’ असं बजावलं असेल तर पाच दिवस थांबायचं नाही. याच पायऱ्या त्याच दिवशी दुपारपासून एकामागून एक करा.

घरच्यांची तयारीही याच दिवसांत होते. कोविडनंतर तोंडावर मास्क आणि शेजारी मशीन दिसलं की लोकांना बायपॅपवरचे पेशंट आठवतात. पारोळ्याकडच्या एका घरी शेजारच्या आजी दारातूनच म्हणाल्या, ‘हाई तोंडले काय बांधेल शे?’ आणि डोळ्याला पदर लावला. आबांनी त्या रात्री मास्क लावलाच नाही. म्हणून आल्या-गेल्याला आधीच सांगा: चष्मा नजरेसाठी, तसं हे झोपेसाठी. नातवंडांना मशीनला हात लावू द्या, बटण दाबू द्या.

## ६. पहिली रात्र

रात्रीचं जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी. भरीत-भाकरी खा, पण बेताची. उशिरा तिखटजाळ शेवभाजी खाऊन लगेच आडवं झालात तर आंबट वर येणार आणि दोष मशीनला जाणार. दारू नको, ती घशाचे स्नायू आणखी ढिले करते. झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका आणि एकदम बंदही करू नका.

मग या क्रमाने:

1. चेहरा साबणाने धुऊन कोरडा करा. तेल, क्रीम, व्हॅसलिन काही लावू नका, गादी घसरते.
2. टाकी रेषेपर्यंत भरा, रेषेच्या वर नाही.
3. आडवे व्हा, मास्क लावा, मशीन चालू करा, मास्क एकदा उचलून बसवा.
4. रॅम्प चालू ठेवा. यात हवा हलक्या प्रेशरने सुरू होते आणि ठरलेल्या मिनिटांत हळूहळू वाढते. सुरुवातीलाच हवा अपुरी वाटत असेल तर रॅम्प बंद करा.
5. झोप आली नाही तर घड्याळ बघू नका. अर्ध्या तासाने उठून मास्क काढून बसा, आणि झोप डोळ्यांवर आली की परत लावा.

रात्री जाग येऊन हवा फार जोरात वाटली तर मशीन बंद करून पुन्हा चालू करा. रॅम्प परत पहिल्यापासून सुरू होतो.

लघवीला उठताना मास्क काढू नका. मास्कपासून नळी वेगळी करायचा सांधा असतो, तिथून सोडा आणि आल्यावर जोडा. रात्री दोनला मास्क काढून ठेवला आणि पुन्हा लावलाच नाही, ही गोष्ट मी जवळपास प्रत्येक घरात ऐकतो. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि अनेकांचा श्वास नेमका त्याच झोपेत जास्त अडकतो. पहिले चार तास मशीनवर आणि पहाट मशीनशिवाय, म्हणजे सर्वांत अडचणीचे तास तसेच सोडले.

शेतीची लाईट रात्रपाळीची असेल आणि बारा-एकला मोटार चालू करायला, पाणी भरायला जावं लागत असेल, तर परत आल्यावर राहिलेली झोपही मशीनवरच घ्या. मग दुपारी पडलात तरी मशीनवर. बरीच मशीनं दुपारी १२ ते दुसऱ्या दुपारी १२ असा एक दिवस धरतात, त्यामुळे तुकड्यांतले तासही मोजले जातात.

सावध: उलट्या होत असतील, किंवा पेशंटला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नसेल, तर त्या रात्री फुल फेस मास्क लावू नका, डॉक्टरांना फोन करा.

तपासा: पहिल्या रात्रीचं उद्दिष्ट आठ तास नाही. दोन तास झाले तरी लिहून ठेवा. दुसऱ्या रात्री अडीच चालतील.

## ७. पहिल्या पंधरा दिवसांतल्या तक्रारी

तोंड आणि घसा कोरडा. हवा तोंडातून निसटते आहे. आधी नाक बघा, मग टाकीची ओल एक अंकाने वाढवा. तरीही राहिलं तर हनुवटीचा पट्टा किंवा फुल फेस. व्हिडिओ बघून ओठांना चिकटपट्टी लावणारे भेटतात. नाक चोंदलेल्या माणसासाठी तो प्रकार धोक्याचा आहे, करू नका.

पोट फुगणं, ढेकर, गॅस. हवा गिळली जाते. डाव्या कुशीवर झोपा, डोक्याकडची बाजू थोडी उंच करा, जेवण लवकर घ्या. चार-पाच दिवसांत फरक नसेल तर डॉक्टरांना सांगा. प्रेशरच्या सेटिंगमध्ये बदल लागू शकतो.

नळीत पाण्याची गुडगुड, नाकावर थेंब. ही हिवाळ्याची तक्रार. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा दहाच्या खाली जातो, टाकीतली उबदार ओली हवा गार नळीत आली की तिचं पाणी होतं. ओल एक-दोन अंक कमी करा, नळीला कापडी खोळ शिवा किंवा ती गोधडीखालून घ्या. तापणारी नळी असेल तर हा त्रास जवळजवळ उरत नाही.

डोळे लाल, पाणी येणं. मास्कच्या वरच्या कडेतून हवा. वरचे पट्टे आवळू नका; माप पुन्हा आडवं पडून घ्या.

झोपेत कळत नकळत मास्क काढला जातो. पुष्कळ जणांचं सुरुवातीला होतं. जाग आली की परत लावा, एवढंच. रोज ठरावीक वेळेला होत असेल तर त्या वेळी गळती किंवा प्रेशर वाढतंय का, हे मशीनच्या नोंदीत दिसतं.

सर्दी झाली तर? नाक वाहतं असेल, कान दुखत असेल तर एक-दोन रात्री थांबून डॉक्टरांना विचारा. नुसती किरकोळ सर्दी असेल तर ओल वाढवून मशीन चालू ठेवा.

### उन्हाळा आणि गच्ची

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला दिवसाचा पारा ४५ च्या आसपास जातो. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत ती ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत चालवा असं लिहिलेलं असतं. तापलेल्या पत्र्याच्या खोलीत मशीन दिवसभर पडू देऊ नका. घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा आणि रात्री बाहेर काढा. गच्चीवर झोपायला हरकत नाही, पण मशीन बाजेपेक्षा खाली स्टुलावर, एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीपासून उचललेला, आणि सकाळी ऊन यायच्या आत मशीन खाली. वावटळीच्या किंवा वळवाच्या पावसाच्या लक्षणांत गच्चीचा बेत रद्द.

## ८. धुणं-पुसणं

रोज सकाळी टाकीतलं उरलेलं पाणी ओता आणि टाकी उघडी वाळवा. शिळ्या पाण्यावर नवीन भर घालू नका. मास्कची गादी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा. आठवड्यातून एकदा नळी, टाकी आणि पट्टे. नळी घरातल्या दोरीवर सावलीत टांगा. उन्हात सिलिकॉन आणि प्लॅस्टिक कडक होतं. टाकीला पांढरा थर आला तर एक भाग व्हिनेगर, दहा भाग पाणी घालून दहा मिनिटं ठेवा आणि भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा.

डेटॉल, स्पिरिट, सॅनिटायझर, फिनेल यातलं काहीही नळीत किंवा मास्कवर नको. ओझोनने सीपॅप साफ करणाऱ्या पेट्या विकल्या जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, २०२० मध्ये अशा ओझोन आणि अतिनील किरणांच्या उपकरणांबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता. साबण-पाणी पुरतं.

फिल्टर मशीनच्या पाठीला असतो. पांढरा कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा. एरवी महिन्याला एक. मळणीच्या आणि धुळीच्या दिवसांत पंधरा दिवसांनी काढून बघा, करडा झाला असेल तर बदला. काळा स्पंजचा असेल तर धुऊन, पूर्ण वाळवूनच लावा.

तपासा: मशीन दिवसा कापडाने झाका, चालू करताना कापड काढा. नळीची तोंडं मोकळी ठेवू नका. मुंग्या आणि झुरळं ओलाव्याला येतात. उंदराने कुरतडलेल्या नळीतून हवा जाते आणि दोष मास्कला दिला जातो, म्हणून महिन्यातून एकदा नळी उजेडात ताणून बघा.

## ९. महिन्याने डॉक्टरांकडे

मशीन रोजच्या नोंदी कार्डात किंवा ॲपमध्ये ठेवतं. त्यात तीन आकडे बघायचे. किती तास वापर: निदान ७० टक्के रात्री ४ तास ही किमान पातळी डॉक्टर धरतात, पण आपलं लक्ष्य सगळी झोप हेच. मशीनवरचा एएचआय: ५ च्या आत आला पाहिजे. आणि गळती, जी बरीच मशीनं हिरव्या-लाल खुणेने दाखवतात. तास भरपूर, गळती कमी, तरीही एएचआय वर असेल तर प्रेशरची सेटिंग डॉक्टरांनी पुन्हा बघायला हवी. व्हिडिओ बघून आतला मेन्यू उघडून प्रेशर स्वतः वाढवू नका. गरजेपेक्षा जास्त प्रेशरने काहींमध्ये मेंदूकडूनच श्वासाची सूचना थांबण्याचा वेगळा प्रकार सुरू होतो, आणि तो बाहेरून ओळखू येत नाही.

मशीनच्या आकड्यांबरोबर घरातल्यांचंही ऐका. रात्री किती वेळा लघवीला उठणं होतं, सकाळी डोकं जड असतं का, दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या डुलकी लागते का. दिवसाची झोप पुरती जाईपर्यंत मुंबई-आग्रा किंवा सुरत-नागपूर महामार्गावर रात्रीचं वाहन चालवू नका. ट्रक-जीपवर पोट असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारून मगच पुन्हा चाक धरा. वजन बरंच वाढलं किंवा उतरलं, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता आधीच जा.

लग्नकार्याला, यात्रेला जाताना मशीन घरी ठेवू नका. रेल्वेत बऱ्याच गाड्यांमध्ये रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद असतात, तेव्हा रात्रीच्या प्रवासात डब्यातल्या विजेवर विसंबू नका. मुक्कामाला पोहोचल्यावर लावा. दवाखान्यात जाताना कार्ड, मास्क, औषधांची यादी आणि पहिला रिपोर्ट न्या. मशीनही बोलावलं असेल तर पिशवीत घालण्याआधी टाकी काढून पाणी ओतून टाका, कारण एसटीच्या एका धक्क्याने ते पाणी मोटरमध्ये जातं.